फाटकातली हाक

३ ऑक्टोबर, मंगळवार

वेंडल आला तो आधी दारावर टांगलेल्या दुनळी बंदुकीला भेटला, मग मला. मान वर करून बघतच राहिला. भरलेली आहे का, म्हणाला. मी म्हटलं, रिकामी ठेवायची तर काठी काय वाईट, आणि काठी कोपऱ्यात आहेच — तुझ्या बापाची.

हसला नाही. पोटचा पोरगा, पण हसण्याच्या बाबतीत बापाचं काहीच घेतलं नाही त्यानं.

म्हणाला, आई, तुझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, परवा तू टपालपेटीच्या खांबाला पोस्टमन समजून हात केलास. केला! खांब पोस्टमनपेक्षा बरा, उलटून तब्येत विचारत नाही. यावर त्यानं मुदतच देऊन टाकली. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्याच्या आत दुनळी खाली उतरायची, नाही तर मी हे खोरं सोडून गावात जायचं, त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत, टायरच्या वासात. मी म्हटलं, थँक्सगिव्हिंगला टर्की आण, मुदती आणू नकोस.

हे सगळं मी फोनला सांगतेय. लॅनीनं शिकवून ठेवलंय. लॅनी म्हणजे वेंडलची लेक, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. हिरवं बटण दाबायचं, बोलायचं. तो लिहून घेतो, तारीख पण तोच घालतो. मला अक्षर येत नाही, तेव्हा काय लिहितो ते देवाला ठाऊक. लॅनीनं शपथ घेतलीय उघडून बघणार नाही म्हणून. मी म्हटलं, बघ की, लाजशील ती तूच.

दुनळी उतरणार नाही. हे मात्र नीट लिही रे बाबा. उतरणार नाही.

४ ऑक्टोबर, बुधवार

बुधवार लॅनीचा. शाळेची बस तिला खाली ओढ्याच्या पुलाशी सोडते, तिथून ती चढून येते, रात्री इथंच राहते. आली ती थेट ओसरीवर. फाटकाशी थांबली नाही, हाक मारली नाही. मी नेहमीप्रमाणे बोलले, तिनं नेहमीप्रमाणे डोळे फिरवले.

या खोऱ्यात फाटकाबाहेर उभं राहून आधी नाव सांगायचं, मग कडी काढायची. पाद्री असो की शेरीफ. माझा नवरा एस्टिल खाणीतून रात्रपाळी करून यायचा तर स्वतःच्या घराला हाक मारायचा — "हॅसी, मीच गं!" रोज. मीच म्हणजे कोण, असं मी आतून विचारायची. तोही सगळं नाव सांगायचा, बापाच्या नावासकट, थंडीत कुडकुडत.

लॅनी म्हणते, मामॉ — आजीला ती मामॉ म्हणते — मी येणार हे तुला माहीत असतं ना. मला माहीत असतं गं. दुनळीला माहीत नसतं.

ती शाळेच्या वादविवादात आहे. विषय निघालाय घरात बंदूक ठेवायच्या हक्काचा — आहे तसा असावा, की त्याला आवर घालावा. मी विचारलं, तुझं मत काय? तर म्हणाली, मत नंतर, आधी नाणं उडवतात, जी बाजू येईल ती मांडायची. म्हणजे एका नाण्यावर पोरगी आज हो म्हणणार, उद्या नाही! मी म्हटलं, लग्नाच्या वेळी पण नाणं घेऊन जा, भटकायला नको.

५ ऑक्टोबर, गुरुवार

शेंगा ओवायला घेतल्या, वाळवायला. सुईत दोरा सार्जंटनं घातला असता माझ्याआधी. सार्जंट म्हणजे कुत्रा.

८ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून सगळे इथं जेवायला. शिजवलेले बीन्स, मक्याचा पाव, ताक. वेंडलनं पावाच्या तीन फोडी खाल्ल्या आणि मग विषय काढला. खाऊन झाल्यावर धीर येतो त्याला.

लॅनी मध्ये पडली. वकील होणार आहे म्हणे, आत्ताच झालीय. म्हणाली, बाबा, मामॉ इथं एकटी राहते, शेरीफला फोन केला तर तो यायला तास लावतो, साप येतात, अस्वलं येतात, माणसं येतात. तिच्या दारावर काय असावं ते तुम्ही कोण ठरवणार? वेंडल म्हणाला, तू हे नाण्यावर बोलतेस की मनापासून? मनापासून, म्हणाली ती.

मग दोघं इतके हट्टाला पेटले की माझ्या घरात माझ्याच बंदुकीवर बोलणी चालली आणि मी ताक ओतत बसले. ठरलं ते असं — लॅनीला हक्काची बाजू मिळाली आणि ती जिंकली, तर वेंडल हा विषय जन्मात काढणार नाही. हरली, किंवा दुसरी बाजू आली, तर तो त्याच दिवशी शिडी घेऊन येणार. शिडी कशाला, मी म्हटलं, तू खुर्चीवरून पण पडतोस.

त्यानं हात पुढे केला. मी पण केला. एस्टिलचा हात असाच होता, खरखरीत.

१४ ऑक्टोबर, शनिवार

लॅनीनं संग्रहालयात नेलं. गावात, जुन्या रेल्वे स्टेशनात. ती गेल्या महिन्यात शाळेबरोबर राजधानीतलं मोठं संग्रहालय बघून आली आणि तेव्हापासून हेच खूळ. म्हणते, मामॉ, काचेमागे वस्तू गेली की तिच्याकडे शांतपणे बघता येतं, घरात आपण नुसते वापरत असतो. पोरीचं डोकं कुठून कुठे जातं!

बरं. गेले. आणि काय बघते — लोणी काढायची घुसळण, काचेत. माझ्याकडे आहे तशीच. बिडाचा तवा, काचेत. सकाळी मी त्याच्यावर पाव भाजून आले होते! इस्त्री, लाकडाची पेटी, गोधडी. तिकीट काढून माझंच स्वयंपाकघर बघितलं. मी लॅनीला म्हटलं, मला पण आत बसव की, खुर्ची आहे का त्यांच्याकडे.

बाई तिथली मिस इमोजीन. आधी मास्तरीण होती, अजून तशीच उभी राहते. ती मला प्रत्येक वस्तू वाचून दाखवत होती. मला वाचता येत नाही हे लॅनीनं सांगितलं नव्हतं, पण मास्तरणींना कळतं.

शेवटच्या काचेत बंदुका. एक लांब नळीची, घरच्या भट्टीत बनवलेली, एक दुनळी माझ्यासारखी. मी विचारलं, भरलेली आहे का. इमोजीनचा चेहरा बघण्यासारखा झाला. इथं येते ती बंदूक आम्ही आधी मुकी करतो, म्हणाली. आतली टाचणी काढून घेतात, मग चाप ओढला तरी काही होत नाही.

दात काढलेला कुत्रा. मला बघवलं नाही. बाहेर येऊन मी लॅनीला सांगितलं, माझ्या दुनळीला असं करणार असतील तर तिला माझ्याबरोबर पुरा. ती म्हणाली, मग तुमच्या दोघींमध्ये पापॉ कुठे बसणार? एस्टिलला ती पापॉ म्हणते. मी म्हटलं, तो फाटकाशी. हाक मारत.

१८ ऑक्टोबर, बुधवार

नाणं उडवलं. हक्काची बाजू!

लॅनी पुलापासून पळत आली. फाटकाशी आजही थांबली नाही, पण आज मी बोलले नाही. सफरचंदाचा थरांचा केक केला. वेंडलला फोन करून सांगितलं की शिडी विकून टाक.

२५ ऑक्टोबर, बुधवार

तालीम. ती भाषण करते, मी परीक्षक, सार्जंट प्रेक्षक. प्रेक्षक झोपला.

आज तिनं गाडीचा मुद्दा आणला. म्हणे, सन्माननीय परीक्षक — म्हणजे मी — स्पोर्ट्स कार बघा. रस्त्यावर जेवढ्या वेगाला परवानगी आहे त्याच्या दुप्पट ती पळते. एवढ्या वेगाची कुणाला गरज आहे? कुणालाच नाही. तरी ती कुणी काढून घेत नाही, कारण चालवणाऱ्यावर आपण विश्वास टाकतो. बंदुकीचं तसंच.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर माझं लक्ष उडालं. खाण बंद झाली त्या वर्षी एस्टिल ट्रॅक्टर आणायला गेला आणि लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. दोन माणसांची गाडी, आणि घरात आम्ही सहा! मी आठवडाभर बोलले नाही. मग एकदा तो झोपलेला बघून कुरणात चालवली आणि ओढ्यात घातली. मग तो आठवडाभर बोलला नाही. तो गेल्यावर ती ताडपत्रीखाली गेली, कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायच्या. गेल्या वर्षी वेंडलनं ओढून गॅरेजात नेली. तिथंच गंजत असेल.

लॅनीनं विचारलं, मामॉ, मुद्दा कसा आहे? मी म्हटलं, मुद्दा छान आहे, पण एक सांग. गाडीचा परवाना मला कधी मिळाला नाही. त्या वेळी परीक्षा कागदावर असायची, मला अक्षर येत नव्हतं. आता तोंडी घेतात म्हणे, पण आता डोळा नाही. बंदुकीच्या दुकानात मात्र मला कुणी काही वाचायला लावलं नाही, डोळाही तपासला नाही. हे तुझ्या परीक्षकांनी विचारलं तर?

ती पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?

माझ्या, मी म्हटलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

खालच्या घरातला जनरेटर कुणी तरी उचलून नेला. दिवसाढवळ्या. त्यांचा कुत्रा भुंकला नाही म्हणे.

१ नोव्हेंबर, बुधवार

लॅनी आली नाही. बाबांना गॅरेजात मदत करतेय, एवढंच म्हणाली फोनवर. आवाजात हसू होतं. मला न सांगण्यासारखं काही तरी आहे. मुलगा असेल. असू दे, फाटकातून हाक मारणारा असला म्हणजे झालं.

शेडची कडी रात्री लावून घेते आता. दुनळीतली काडतुसं बदलली, जुनी दमट झाली होती.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज बोलायचं नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं.

काल सांगायचं होतं ते आज सांगते. तू कागद आहेस, तुला तोंड नाही.

सकाळी धुकं. ओढ्यावरून उठतं आणि फाटकापर्यंत येऊन बसतं, तसं. मी बिस्किटांचं पीठ मळत होते, मनगटापर्यंत हात भरलेले. खालून गाडीचा आवाज आला. वेंडलचा ट्रक नाही, टपालाची गाडी नाही. जड, खोल आवाज, जनावरानं घशातल्या घशात गुरगुरावं तसा. पुलाशी थांबली. दार लागलं, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं. मग काही नाही.

मी वाट बघितली. हाकेची.

हाक आली नाही. सार्जंट ओसरीवर होता, भुंकला नाही. मला खालच्या घरचा कुत्रा आठवला. मी खुर्चीवर चढले, तशीच, पिठाच्या हातांनी, आणि दुनळी उतरवली. आणि चुलीकडची खिडकी वर केली.

फाटकातून कुणीच आलं नाही. माणूस मागून आला, मांस धुरवायच्या खोपटाच्या बाजूनं, वाकून, भिंतीला धरून. डोक्यावरून टोपी ओढलेली. माझ्या उजव्या डोळ्याला सगळं दूधच दूध, त्यात एक काळी आकृती. मी नळी चौकटीवर टेकवली. दोन्ही घोडे मागे ओढले. बोट चापावर होतं. चापाजवळ नाही — चापावर.

मी आवाज द्यायला हवा होता. दिला नाही. माझ्या मनात आलं, आवाज दिला तर तो पळेल.

हे मी आता दोनदा सांगणार नाही.

तेवढ्यात सार्जंट ओसरीवरून उतरला आणि त्या माणसाकडे चालत गेला, आणि त्याची शेपटी हलायला लागली. पांढरं टोक आहे त्याच्या शेपटीला. धुक्यात मला तेवढंच दिसलं. इकडून तिकडे, इकडून तिकडे.

मी घोडे एकेक करून खाली सोडले. बंदूक दाराआड उभी केली. माणूस जरा वेळ जागच्या जागी उभा राहिला. मग लॅनीच्या आवाजात म्हणाला, "मामॉ, बाहेर ये, तुझ्यासाठी काय आणलंय बघ."

एस्टिलची लाल गाडी! बापलेकीनं महिनाभर गुपचूप खपून चालू केली. दुसरं इंजिन घातलंय, म्हणून तो आवाज. मला चकित करायचं म्हणून मागच्या वाटेनं आली. केलंस गं बाई.

माझा कोट आणायला ती आत गेली, तिला बराच वेळ लागला. मग मला बसवून खोऱ्याच्या तोंडापर्यंत नेलं आणि आणलं. शवयात्रेसारखी हळू चालवली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. नवीन चालवणारे असेच. मी म्हटलं, तुझ्या पापॉनं ही चाल बघितली असती तर उतरून पायी गेला असता. तरी हसली नाही.

घरी आल्यावर दुनळीच्या दस्त्यावर पिठाची बोटं उमटली असणार म्हणून पुसायला गेले. पुसलेलीच होती. मीच पुसली असतील. कालचं मला माझं काही आठवत नाही.

परत खुंट्यांवर ठेवली. दुसरीकडे कुठे ठेवणार?

८ नोव्हेंबर, बुधवार

पुलाजवळून हाक! "मामॉ, मी लॅनी!" मग वळणावरून. मग फाटकातून. आणि मी "ये" म्हणेपर्यंत कडीला हात लावला नाही. मी म्हटलं, आज काय झालंय, शुद्धीवर आहेस ना? म्हणाली, या खोऱ्याची रीत आहे ना, मग पाळते.

उशिरा का होईना, शिकली. 

तालीम केली. शेवटचा मुद्दा दाखवणार नाही म्हणाली. तो सभेतच ऐक.

मी तिला सांगणार होते. ताटं धुताना तोंड उघडलं पण. ती म्हणाली, काय गं? मी म्हटलं, टॉवेल दे.

सांगून काय होईल? परवा तिला उभं राहून हक्काचं बोलायचंय. तिचे पाय कशाला ओढू? हे कारण खरं आहे. दुसरं पण खरं आहे — सांगितलं तर दुनळी जाईल. त्यापेक्षा वाईट म्हणजे, लॅनी माझ्याकडे यायची बंद होईल.

९ नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही नळ्यांतली काडतुसं काढली. खुंटीवर रिकामी टांगली. वेंडलला वाटतं भरलेली आहे, चोराला वाटतं भरलेली आहे. फक्त मला माहीत आहे.

नीट झोप लागली नाही. परत भरावी का?

नाही भरली.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेच्या मोठ्या हॉलात. बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या. वेंडलनं टाय घातला होता, बीटासारखा लाल झाला होता. आमच्या पैजेची बातमी त्यानंच गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेली दिसली, कारण जो तो मला येऊन दंडाला हात लावून जात होता. आम्ही तुझ्या बाजूनं, हॅसी. दुनळी सोडू नको, हॅसी.

समोरच्या शाळेचा मुलगा चांगला बोलला. बारीक, चष्मा, आवाज फुटलेला. त्यानं आकडे सांगितले, ते माझ्या लक्षात राहिले नाहीत. एक राहिलं. म्हणाला, घरातली बंदूक कुणासाठी ठेवली हे तिला कळत नाही.

मग आमची. निळा झगा, केस मागे बांधलेले, एस्टिलची हनुवटी. साप, अस्वल, शेरीफचा तास, सगळं बोलली. स्पोर्ट्स कार पण बोलली. संग्रहालयाचं बोलली — म्हणाली, हक्कसुद्धा काचेमागे ठेवला तर तो फक्त बघायला उरतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती थांबली. पाणी प्यायली. परीक्षकांकडे बघायचं सोडून मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली,

"माझी मामॉ खोऱ्यात एकटी राहते. दारावर दुनळी आहे, माझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून. ती तिनं चुकीच्या माणसावर कधी रोखली नाही. मी तिच्यावर विश्वास टाकते."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. कुणी तरी शिट्टी मारली. शेजारची बाई रडत होती. मला उभं केलं लोकांनी, दोन्हीकडून धरून, आणि मी उभी राहिले, आणि टाळ्या माझ्यासाठी वाजत होत्या.

जिंकली.

वेंडलनं बाहेर ट्रकपाशी हात पुढे केला. हरलो, आई, म्हणाला. परत नाही काढणार विषय. शब्दाचा पक्का आहे, नाही काढणार. मी त्याचा हात धरला तो सोडवेना. त्याला वाटलं आनंदानं.

११ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. उजाडल्यापासून डोंगरात बार वाजताहेत. सार्जंट पलंगाखाली.

मी खुर्ची ओढून दुनळीच्या समोर बसले. सकाळपासून बसलेय. चूल पेटवली नाही.

आता मला विचारणारं कोणी नाही. हीच गंमत. हरले असते तर वेंडलनं शिडी लावून उतरवली असती, मी शिव्या दिल्या असत्या, म्हातारीवर अन्याय झाला असता, खोऱ्यातल्या बायका केक घेऊन समजूत काढायला आल्या असत्या. माझी चूक कधी माझी झालीच नसती. आता जिंकलेय. कायदा माझा, पोरगा गप्प, गाव टाळ्या वाजवतंय, आणि खिडकीची चौकट ती तिथे आहे. तिच्यावर नळीचा चरा उठलाय. मला बोटाला लागतो.

हक्क माझा होताच. काल पण होता, गेल्या शनिवारी पण होता. त्यानं धुक्यातून दिसत नाही.

हरून दिली असती तर ती त्यांनी घेतली असती. जिंकून देते म्हणजे मी देते.

देते. लिहून ठेव. मी मागे फिरले तर मला वाचून दाखव.

१२ नोव्हेंबर, रविवार

मागे फिरावंसं वाटलं. दोनदा. अस्वलाची पावलं दिसली खोपटापाशी.

डबे बडवायला बाहेर काढून ठेवले. डब्यांना घाबरतात अस्वलं. वेंडलला म्हणाले, मोठ्यानं वाजणारी घंटा आण, फाटकाला. कशाला म्हणाला. मला हौस आलीय म्हणून.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर लॅनी लाल गाडी घेऊन आली. मीच बोलावलं होतं. पुलाशी भोंगा, वळणावर हाक, फाटकात हाक. मी ओसरीवर कोट घालून उभी, हातात गोधडीचं गाठोडं लांबलचक. तिनं गाठोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुठे जायचंय, एवढंच विचारलं.

संग्रहालयात.

दोन माणसांची गाडी. लॅनी, मी आणि माझ्या मांडीवर दुनळी, दाराबाहेर तिचं टोक. एस्टिल, बघ, शेवटी मावलो.

वाटेत लॅनी म्हणाली, मामॉ, आपण जिंकलोय, तुला द्यायची गरज नाहीये. मी म्हटलं, गरज नाही म्हणूनच देतेय. तिनं गाडी जरा जोरात सोडली. पहिल्यांदा त्या गाडीला शोभेल अशी चालवली. माझी टोपी उडाली, आणली नाही परत जाऊन.

मिस इमोजीननं टेबलावर कापड अंथरलं, लहान मुलाला घ्यावी तशी दुनळी घेतली. मी म्हटलं, टाचणी काढशील ती माझ्यासमोर काढ. तिनं हत्यारांचा माणूस बोलावला, त्यानं माझ्यासमोर काढली. शेंगेतल्या दाण्याएवढी. एवढ्याशा गोष्टीवर घर चाललं होतं माझं.

मग ती कार्डावर लिहायला बसली. कुणाची, किती जुनी. मी सांगितलं. हिनं काही मारलं का? साप, एक कोल्हा, आणि एकदा एस्टिलची टोपी, दोरीवर वाळत होती ती. माणूस?

मी म्हटलं, नाही. थोडक्यात राहिला.

इमोजीनची लेखणी थांबली. लॅनी खिडकीतून बाहेर गाडीकडे बघत होती, तिनं काही विचारलं नाही. ते लिहू का, इमोजीन म्हणाली. मी म्हटलं, लिही, मला वाचता येत नाही, पण येणाऱ्यांना येतं ना.

घरी आले. दारावर दोन खुंट्या. एकीवर टॉवेल टांगला. बरा दिसतो.

वेंडलला फोन केला की डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घे. त्यानं दोनदा विचारलं, कुणाच्या डोळ्याच्या?

१५ नोव्हेंबर, बुधवार

आज हाक नाही. पुलावरून नाही, फाटकातून नाही. मी ओसरीवर शेंगा ओवत होते, ती मागून आली, खोपटाच्या बाजूनं, आणि थंड हातांनी माझे डोळे झाकले.

मी म्हटलं, रीत सोडलीस एवढ्यात?

ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "त्या दिवशी मला खिडकीत नळी दिसली होती, मामॉ. दस्त्यावरचं पीठ मीच पुसलं."

सुई माझ्या बोटात गेली. मग सभेत तसं का बोललीस, मी विचारलं.

"हरले असते तर बाबांनी उतरवली असती. मला ती तू उतरवायला हवी होती."

आणि नसती उतरवली तर?

"तर जन्मभर फाटकातून हाका मारल्या असत्या."